भीमबाईची सुई

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, दादाला नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर मुळीच नाही. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण इथंही हात अडखळतोच आहे. सकाळपासून दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाल्यावर ओतून दिला. आता मात्र वेळ उरलेला नाही. का उरलेला नाही, तेही सांगते. जरा दमानं घ्या माझ्याशी.

मी नर्स आहे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथची. सध्या इंग्लंडमधल्या समुद्राकाठच्या एका लहान शहरात, तिथल्या हॉस्पिटलात काम करते. आजोबांनी जन्मभर लोकांच्या शेतात मजुरी केली, बाबा तहसीलच्या कचेरीत कारकून झाले आणि मी विमानात बसले – एवढ्या भांडवलावर आमच्या विहारात माझा सत्कार झाला. शाल मिळाली. बायकांनी आपापल्या पोरींना पुढं ढकलून माझ्याशेजारी फोटो काढून घेतले. ‘ताईसारखी हो’ म्हणाल्या. ते फोटो मी अधूनमधून मोबाईलवर मोठे करून बघते. माझ्या चेहऱ्यावर काही दिसतं का, हे बघायला.

आता सुनंदा. तिचं नाव लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

सुनंदाचे आईवडील बोथजवळच्या खेड्यात भाजीपाला लावतात. नर्सिंगचं शिक्षण आम्ही निर्मलला एकत्र घेतलं, नंतर आदिलाबाद शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात एकत्रच लागलो. एक भाड्याची खोली, एक गॅस, आणि दर आठवड्याला तिच्या घरून येणारी वांगी. वांगी खाऊन खाऊन माझा जीव जायचा. पण बाईचा स्वभाव असा, की तिच्या पोटात काही राहायचंच नाही. हातून घरमालकिणीचा कप फुटला तर तुकडे ओंजळीत घेऊन तिच्या दारात उभी. मी म्हणायची, अगं, कोपऱ्यात सरकव ना, कोण बघतंय? तर ती माझ्याकडं अशी बघायची, की मी काय बोलले तेच तिला कळलेलं नाही. मला तिची मजा वाटायची. थोडी चीडही यायची – हे आता कबूल करायला हरकत नाही.

परदेशात जायचं आमच्या दोघींच्या डोक्यात होतं. इंग्रजीची परीक्षा झाली, मी पहिल्याच खेपेला पास झाले, ती दुसऱ्या. पण परीक्षेनं काही होत नाही. तिकडच्या एखाद्या हॉस्पिटलानं तुम्हाला बोलवावं लागतं, ‘ही आमची माणूस’ म्हणून सरकारला लिहून द्यावं लागतं. त्याला स्पॉन्सर म्हणतात. तो मिळाला तर व्हिसा, आणि त्यानं हात काढून घेतला की व्हिसाही गेला. तुम्ही तिथं राहता, कमावता, घरी पाठवता ते सगळं त्या एका शब्दावर. आम्ही दोघी कितीतरी महिने स्पॉन्सर, स्पॉन्सर एवढंच बोलत होतो. शेवटी हैदराबादच्या एजंट सरांनी एक हॉस्पिटल शोधलं. त्यांना बऱ्याच नर्सेस हव्या होत्या. हे नीट लक्षात ठेवा – जागा दोघींना होती. तिला मिळाली असती म्हणून माझी जाणार नव्हती.

त्याआधी भीमबाईचं सांगायला हवं.

आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. दवाखान्यात त्यामुळं फार पंचाईत. पूर्ण नाव सांगा म्हटलं की पदर तोंडावर, बाई लाजून लाल. मग कामाच्या घाईत नर्सेसनी एक रीत पाडून घेतलेली – नाव आपणच घ्यायचं, बाईनं फक्त मान हलवायची. अमुक अमुक ना? हौ. झालं. एकदा बायकांच्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन भीमबाई आल्या. एकीचा नवरा जंगू, दुसरीचा लच्चू. जंगूच्या भीमबाईला इन्सुलिन द्यायचं होतं. लच्चूची भीमबाई नार्नूरकडची म्हातारी, घरी गोंडी बोलणारी, पांढऱ्या कपड्यांना इतकी भ्यालेली की सकाळपासून सगळ्यांना सगळ्याला हौच म्हणत होती. सुनंदानं विचारलं, भीमबाई जंगू ना? म्हातारीनं मान हलवली. सुनंदानं सुई दिली.

दोनच मिनिटांत शेजारच्या खाटेवरची म्हणाली, “बाई, मायी सुई कवा देता?”

मी त्याच वॉर्डात होते. सुनंदाचा चेहरा मी पाहिला. दुसरी कुणी असती – म्हणजे मी असते – तर गुपचूप ग्लुकोजची बाटली लावली असती आणि देवाचं नाव घेत बसली असती. ही सरळ डॉक्टरांकडं गेली आणि म्हणाली, सर, मी चुकीच्या बाईला इन्सुलिन दिलंय. डॉक्टर आधी तेलुगूत, मग हिंदीत, साऱ्या वॉर्डासमोर तिच्यावर ओरडले. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता म्हातारीला चमच्यानं साखरपाणी पाजत होती. दिवसभर तिच्याजवळून हलली नाही. म्हातारी सावरली. संध्याकाळी तिचा मुलगा आला, तर सुनंदानं त्यालाही हात जोडून सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, “जगते ना बाई?” आणि मग खाली बसून रडला. त्यानंतर सुनंदा प्रत्येक बाईला आपलं नाव आपल्या तोंडानं सांगायला लावायची. नवऱ्याचं नाव घेववत नसेल तर बापाचं सांगा, गावाचं सांगा, पण तुमीच सांगा. आख्खा वॉर्ड तिला हसायचा. मीही हसायची.

आणि माझी चूक? ती का नाही सांगत मी? सांगते. एका माणसाला अँटिबायोटिक देण्याआधी थोडंसं औषध कातडीखाली टोचून बघायचं असतं, त्याला सोसतंय की नाही ते. मी बघितलं नाही. घाई होती, कंटाळाही होता. त्याच्या अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. डॉक्टरांनी विचारलं, टेस्ट केली होती ना? मी म्हणाले, हो सर. तो माणूस वाचला. पण मी ‘हो सर’ म्हणाले ते म्हणालेच. म्हणजे चूक दोघींच्या हातून झाली होती. फक्त माझ्या चुकीच्या शेवटी मी खोटं बोलले होते, त्यामुळं ती चूक कुठं सांगण्यासारखी नव्हती.

त्या हॉस्पिटलाची मुलाखत व्हिडिओवर होती; मोबाईल नको, मोठा पडदा हवा, म्हणून दादाचा लॅपटॉप आणला होता. दादा शाळेत शिक्षक. बसायच्या खुर्चीमागं आमची बरी साडी टांगली, म्हणजे भिंतीचे पोपडे दिसू नयेत. आधी माझी पाळी, मग सुनंदाची. माझ्या वेळी ती बाहेर पायरीवर पहाऱ्याला बसली. घरमालकिणीला मिक्सर लावू देत नव्हती, गल्लीतल्या पोरांना दूर पिटाळत होती. आत मला तिचा दबका आवाज ऐकू यायचा – “हळू बोला जी, आमच्या बाईची मुलाकत चालू हाये.” आमच्या बाईची! माझ्यासाठी गल्ली गप्प करत होती ती.

पडद्यावर दोन बायका होत्या. त्यांतली एक पुढं माझी वॉर्ड मॅनेजर झाली. सुरुवातीचं सगळं बरं गेलं. मग तिनं विचारलं, तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा, आणि तुम्ही पुढं काय केलंत ते सांगा. एजंट सरांनी याचं उत्तर पाठ करून घेतलेलं – मी कामात इतकी बुडते की स्वतःकडं लक्ष देत नाही, हीच माझी चूक. ते मी घडाघडा म्हटलं. ती बाई हसली. छान हसली, चिडली नाही. म्हणाली, ही नाही, खरी चूक सांगा.

माझ्याजवळ खरी चूक होती की! ती जिभेवर आली आणि परत गेली. आणि मग – हे मी ठरवून केलं का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की नाही, आपसूक तोंडातून निघालं. पण आपसूक एक वाक्य निघतं. मी तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. दोन भीमबाई, जंगू आणि लच्चू, नवऱ्याचं नाव न घेणं, हलवलेली मान, शेजारणीचा प्रश्न, डॉक्टरांचं ओरडणं, साखरपाणी, मुलापुढं जोडलेले हात. सगळ्या जागी ‘मी’ घातलं. मुलाचं सांगताना माझे डोळे भरून आले. ते अश्रू खरे होते, हे आठवलं की मला स्वतःची जास्तच किळस येते. त्या दोघी बायका पुढं वाकून ऐकत होत्या. दार बंद होतं, आणि दाराच्या पलीकडं सुनंदा बसली होती.

तुम्हाला वाटेल, इथं संपलं. गोष्ट चोरली, हीच कबुली. मलाही तसंच वाटावं अशी फार इच्छा होती. पण खरं ते यापुढंच आहे.

मुलाखत संपली, मी दार उघडलं. तिच्या पाळीला थोडा वेळ होता. तिनं वेणी पुन्हा घट्ट केली, माझ्याकडून टिकली सरळ करून घेतली. मग म्हणाली, “काय इचारलं वं?”

मी म्हटलं, सोपं हाये.

“चुकीचं इचारलं काय? मी भीमबाईचं सांगतो म्हणून ठरवलं हाये. खरं हाये, अडखळणार नाई.”

एवढंच सांगायचं होतं – ते नको सांगू, मी सांगितलंय. चिडली असती, रडली असती, पण दुसरं काहीतरी शोधून आत गेली असती. वेळ होता. मी तिची टिकली नीट करत होते, माझं बोट तिच्या कपाळावर होतं. आणि मी म्हणाले, नाई, चुकीचं नाई इचारत.

का म्हणाले? तिला थांबवायला सांगावं लागलं असतं की मी चोर आहे. ते टाळायला मी तिला आत जाऊ दिलं. मग मी तिच्या जागी पायरीवर बसले. मिक्सरचा आवाज येऊ नये म्हणून बघत बसले, जणू तेवढ्यानं फिटणार होतं. आतून तिचं तुटक, प्रामाणिक इंग्रजी ऐकू येत होतं. ‘टू भीमबाई’ हे शब्द ऐकले आणि मी दोन्ही कान दाबून घेतले.

मला घेतलं. तिला नाही. तिला कळवलं फक्त एवढंच की उत्तरं स्वतःची वाटली नाहीत. मला मात्र एजंट सरांचा फोन आला – तुझ्या मैत्रिणीनं तुझंच उत्तर जसंच्या तसं म्हटलं, त्या लोकांनी लगेच ओळखलं. यापुढं आपली तयारी कुणाला दाखवत जाऊ नकोस. मी काय म्हणाले? हं म्हणाले. सुनंदा तेव्हा समोर बसून माझ्या सामानाची यादी करत होती. तिला कळतच नव्हतं की तिचं चुकलं कुठं. “मी त खरं सांगितलं होतं,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायची. शेवटी इंग्रजीवर खापर फोडून मोकळी झाली आणि मला हैदराबादच्या विमानतळापर्यंत सोडायला आली.

इथं आल्यावर मला वाटलं, समुद्रापलीकडं कोण विचारतंय. पण झालं भलतंच. माझी मॅनेजर नव्या नर्सेसना पहिल्याच दिवशी माझी गोष्ट सांगते. दरवेळी. आपल्याकडं एक नर्स आहे, तिच्या हातून अशी चूक झाली, ती लपवायला तिला काहीच अवघड नव्हतं, पण तिनं काय केलं ऐका. नव्या मुली माझ्याकडं वळून बघतात. कधी कधी मॅनेजर हेही सांगते, की एका मुलीनं हीच गोष्ट आपली म्हणून खपवायचा प्रयत्न केला होता, पण आम्ही काही दूधखुळे नाही. सगळे हसतात. मी काय करत असेन त्या वेळी? मान खाली घालते. त्यांना वाटतं, विनय.

मी इथं कामात फार काटेकोर झाले. प्रत्येक पेशंटला नाव त्याच्याच तोंडून वदवते. तीही सवय सुनंदाचीच, नाही का?

ती तिकडं वॉर्डाची इनचार्ज झाली. मधल्या काळात बऱ्याच ठिकाणी अर्ज केले तिनं, पण आता स्पॉन्सर करणारी हॉस्पिटलं कमी झाली आहेत. यंदा उन्हाळ्यात आमच्या इथं मोजक्या जागा निघाल्या आणि तिचा फोन आला. आनंदानं ओरडत होती. मुलाखत घेणारे या वेळी वेगळे आहेत, मला तयारी करून दे, म्हणाली. मी हो म्हटलं. मग तिनं विचारलं, भीमबाईचंच सांगू काय? दुसरी चूक कोठून आणू?

तुम्हाला काय वाटतं, मी काय सांगितलं असेल?

मी म्हटलं, ते नको. मागच्या वेळी त्याच्यामुळंच गेलं ना. आणि तिच्यासाठी मी एक चूक बनवली. बेताची, कुणाचं काही न बिघडलेली, शेवटी सगळ्यांनी शाबासकी दिलेली. ती पाठ करायला तिला फार जड गेलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ते शिकवणं किती त्रासाचं असतं, ते मला तेव्हा कळलं. मी रोज फोन करून म्हणवून घेतलं. ‘आता कसं खरं वाटतंय,’ असं म्हणालेसुद्धा मी तिला. या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. चोरीपेक्षाही.

तिला घेतलं. घरी तिच्या आईनं पुरणपोळ्या केल्या. माझ्या आईनं तिच्याबरोबर माझ्यासाठी जवसाची चटणी पाठवली आहे. आज विमानात बसण्याआधी तिनं हैदराबादहून फोन केला. हे लिहायला बसले ते त्या फोननंतर.

म्हणाली, “एक सांगू? ते खोटं सांगितल्यापासून मले अन्न गोड लागून नाई राह्यलं. तिथं पोचल्याबरोबर तुया मॅडमले खरं सांगून टाकीन. भीमबाईची सुई म्हणून. ठेवलं त ठेवलं, नाई त वापस. तू हाय ना तिथं, मले काय भेव?”

मी म्हणाले, आधी ये तर खरी.

ती सांगणार. मी तिला ओळखते – कपाचे तुकडे ओंजळीत घेऊन उभी राहणारी बाई आहे ती. माझ्या मॅनेजरच्या दारात उभी राहील आणि तुटक इंग्रजीत म्हणेल, टू भीमबाई. मॅनेजर सुरुवातीच्या दोन वाक्यांतच ओळखेल. तीच ती मुलगी, पुन्हा तीच चोरी, तीही आता आमच्याच दारात! खरं बोलल्याबद्दल दुसऱ्यांदा खोटी ठरेल सुनंदा. आणि या वेळी नुसती नोकरी हुकणार नाही. स्पॉन्सर हात काढून घेईल, आणि आलेल्या वाटेनं परत. बोथला, आईवडिलांसमोर, चोर म्हणून.

तिच्या आधी मला बोलायला हवं. मॅनेजरशी, आणि त्याच्याही आधी, तिला विमानतळावरून आणताना, गाडीत तिच्याशी. मग माझा व्हिसा राहतो की जातो ते बघता येईल. बोलेन का? लिहिताना वाटतंय की बोलेन. पायरीपाशी तिची टिकली सरळ करतानाही मला असंच वाटलं होतं, म्हणून या वाटण्याचा भरवसा मी तुम्हाला देत नाही.

आणि ह्याला धैर्य वगैरे म्हणू नका. इतकी वर्षं माझ्याकडं तिचा नंबर होता. हे मी लिहिलं ते ती येते आहे म्हणून. ती आली नसती, तर मी हे लिहिलं नसतं.